एक्केचाळीस जागी

सित्र्याच्या कारखान्यात समुद्र आत घेतात,
रात्रभर त्याचं मीठ काढतात
आणि पहाटे त्याला नळाला सोडतात.
हे सगळं चालवणारा कोड तेवीस वर्षांचा,
फायली सहा हजार दोनशे.
त्यात एक नाव शोधायचं
तर पहिल्या फाईलच्या पहिल्या ओळीपासून
शेवटच्या फाईलच्या शेवटच्या कंसापर्यंत.
अकरा मिनिटं.
तेवढ्यात चहा होतो, पिऊनही होतो,
आणि आपण काय शोधत होतो
तेच डोक्यातून गेलेलं असतं.

बिजुमोन म्हणाला, शोधू दे की मशीनला,
तुझे पाय दुखतात का?
पाय नव्हते दुखत.
पण दिवसाला तीस वेळा अकरा मिनिटं
मी बोटं मोडत बसायचे, आणि मला
बोटं मोडायची सवय लागायला लागली होती.

इथले जुने पाणबुडे, म्हणतात,
बकऱ्याच्या कातडीची पखाल घेऊन
खाऱ्या समुद्रात बुडी मारायचे
आणि तळाच्या वाळूतून उसळणाऱ्या गोड्या झऱ्याला
पखालीचं तोंड लावायचे.
अख्खा समुद्र चाखत नाही फिरले ते.
मिनार आणि ती वाकडी खजूर
एका रेषेत आली
की वल्हं थांबवायचं.
बस.

तर गुरुवारी रात्री, ऑफिस रिकामं झाल्यावर,
मी सगळ्या फायली एकदाच, शेवटच्या, वाचायला लावल्या.
टिप्पण्या गाळ, त्यात माणसं सबबी लिहितात.
अवतरणातला मजकूर गाळ. आकडे गाळ.
जर, नाहीतर, तोपर्यंत, हे भाषेच्या मालकीचे शब्द,
तेही गाळ.
उरली ती नावं, आणि प्रत्येक नावापुढे
फाईल, ओळ, फाईल, ओळ.
पहाटे तीनला सूची तयार झाली.
आता विचारायच्या आत उत्तर.

मग मी नुसतीच वाचत बसले.
malih सापडलं, uppu सापडलं, asin सापडलं:
अरबी मीठ, मल्याळी मीठ, तागालोग मीठ,
तिघांनी तीन काळात एकच खारेपणा मोजला
आणि एकमेकांना कळवलं नाही.
दोन वर्षं छळणारी ती चूक
अशी शेजारी शेजारी बसली होती का, तर नाही,
a, m आणि u. पण दिसली.

आणि temp च्या जरा वर
tatpurta.

एक्केचाळीस जागी.

लोर्ना त्याला टॅटपर्टा म्हणते.
तिला इतकी वर्षं वाटायचं
एखाद्या इटालियन पंपाचं नाव असेल.

कोण होता, होती?
कर्मचारी विभागातला युसुफ म्हणाला
सोडून गेलेल्यांची कागदपत्रं दहा वर्षं ठेवतो,
मग कापतो.
टिप्पण्या तर मीच गाळल्या होत्या,
म्हणून एक्केचाळीसही जागा हातानं उघडल्या.
सदतिसाव्या जागी, रोमन अक्षरांत, सही नसलेलं:
nantar badlaycha.

नंतर बदलायचं.

हानी साहेब म्हणाले, हा शब्द कुणालाच कळत नाही,
आता तुझी सूची आहे, एका मिनिटात बदलून टाक.
बरोबर होतं त्यांचं.
हो म्हणाले मी.
माझ्या ओळखपत्राची मुदत दोन वर्षांची असते,
हे सातवं.

रविवारी नव्या मीटरची फाईल लिहीत होते.
एक आकडा क्षणभर कुठेतरी ठेवायचा होता,
लगेच उचलायचा होता.
बोटांनी temp लिहिलं, मग खोडलं.

सूची रात्री आपली आपण नवी होते.
सोमवारी लोर्नानं खुर्ची फिरवली:
अगं, पंप आणखी एक आला का?